मिरच्या भाजण्याच्या दिवसांतली विद्यार्थिनी

हॅलो?… हॅलो, कोण?

अच्छा. राद्मिला.

नाही गं, ओळखला ना आवाज. लग्नात माझ्या शेजारी साक्षीला उभी राहिलीस, माझ्या लेकीला, दुन्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलंस. कुमेचा आवाज नाही ओळखणार तर कुणाचा ओळखणार? नंबर दिसला नाही, हात ओले आहेत आणि चष्मा कपाळावर. दिसला असता तर बहुधा उचलला नसता.

थांब, खांद्याशी धरते… हं, बोल. सार्मा वळतेय. कोबीची पानं पसरून बसलेय. उद्या मित्रोवदान, आमची स्लावा, घरच्या संताचा सण.

हो, हो… मी बरी आहे, नवरोबा मिओद्राग बरा आहे, सासूबाई बऱ्या आहेत. घरच्या संताच्या कृपेने सगळे बरे आहेत. आता पुढे बोल.

मी कुठे काय म्हणाले? आठवडाभर मी फोन करत होते, तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस. आज तुला सवड झाली, मला नाही. पण उचललाय, तर बोल.

नाही, रागावलेली नाही. राग मला आमच्या डॉक्टर स्तानिशिचचा येतो, लिफ्ट बंद पडली की येतो. तू जे केलंयस त्याला दुसरा शब्द लागेल, आणि तो सासूबाईंसमोर तोंडातून काढता येत नाही.

तू ऐक ना… अगं ऐक ना आधी. नंतर तुझं सांग. सप्टेंबरात तू नोवी सादहून आलीस. काय म्हणालीस? म्हणालीस, ल्युबिन्का, आमच्या कंपनीचा तो नर्सांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे ना, ज्याने त्याने आपापल्या सवडीने करायचा. बायका खरंच शिकतात का नुसता व्हिडिओ लावून ठेवतात, ते मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तू कशी शिकतेस ते जरा बघू दे. म्हणालीस की नाही?… आणि नावगाव कुठे येणार नाही, हेही म्हणालीस.

मी म्हटलं, ये. ऐन मिरच्यांच्या दिवसांत आलीस. लेस्कोवाकच्या मिरच्यांची पोती अंगणात, चूल पेटलेली. माझ्याबरोबर बसून मिरच्या सोलल्यास, हात लाल होईपर्यंत. मला किती बरं वाटलं होतं. मी सासूबाईंना म्हटलंही, बघा, एवढी शिकली, एवढी मोठी झाली, तरी आपलीच आहे.

सगळं दाखवलं तुला. फोन कसा मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते. धडा कसा चालू असतो आणि मी भाजलेल्या मिरच्यांची ऐवार कशी ढवळते. पातेलं सोडून हलता येतं का? खाली लागली की वर्षभर करपट खा. मधेच पडद्यावर प्रश्न उगवतो, जागी आहेस का म्हणून विचारतो, तर कोपराने टिचकी मारायची. अर्ध्या मिनिटात नाही मारली की गैरहजर. अग्निसुरक्षेचा धडा लावून मी सरळ झोपले होते, तेही सांगितलं. कुणी विचारलं होतं? पण कुमेपाशी काय लपवायचं.

मग? तुमच्या कंपनीने दवाखान्यांना बेलग्रेडला बोलावलं, त्या सभागृहात काय झालं ते तू सांगतेस का मी सांगू?

मिलेवा होती तिथे. आमच्याच विभागातली, माझ्या हाताखालची. हो, तिलाही बोलावलं होतं तुम्ही. परत आली ती खाली मान घालून. दोन दिवस माझ्याशी बोलेना, तिसऱ्या दिवशी रडत सांगितलंन. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्वयंपाकघरातली विद्यार्थिनी’. आणि मग माझा आवाज. “कोपराने टिचकी मारायची, पडदा जागा राहतो, झालं शिक्षण.” सगळं सभागृह हसलं म्हणे. आमचा स्तानिशिचही हसला, आणि मग हसायचा थांबला. रोज सकाळी डायलिसिसच्या विभागात हाच आवाज त्याच्या कानावर आदळतो. नाव नव्हतं, नाव नव्हतं काय करतेस? नाव कशाला हवं होतं त्याला?

सासूबाई, ते मीठ नका घालू परत, घातलंय मी… काही नाही, राद्मिला आहे… हो, सांगते… तुला विचारतायत, तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे. त्यांना अजून काही माहीत नाही.

परिणाम काय झाला माहितेय? टिचक्या मोजणाऱ्या तुमच्या सूत्राप्रमाणे माझा सहभाग शंभरात बारा. आणि परीक्षेत जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर. आता हे दोन्ही एकत्र कसं बसायचं? दवाखान्याच्या समितीला एकच उत्तर सुचलं. बाईला प्रश्न आधीच कुणीतरी पुरवले. सोमवारी चौकशी आहे. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्या, मिलेवाकडे दिल्या. ती पोरगी किल्ली घेताना माझ्याकडे बघेना. सोमवारी गेलं माझं मुख्य नर्सचं पद, असं विभागात सगळे धरूनच चाललेत. पद गेलं तर गेलं, पण लबाड म्हणून जायचं? ज्या विभागात आयुष्य काढलं तिथे?

ते सूत्र कुणी बनवलं?… सरळ सांग ना, टीम-बीम नको. कुणी?… तू. बरं. तेवढंच हवं होतं.

आणि तो आलेख. मिलेवाने फोटो पाठवलाय. दक्षिणेकडच्या सगळ्या नर्सा सप्टेंबरात धाडकन खाली. त्याखाली लिहिलंय, सुट्टीनंतर शिकण्याची आवड ओसरते. आवड? अगं सगळा दक्षिण मुलूख त्या दिवसांत मिरच्या भाजतो. रस्त्याने जाताना डोळे चुरचुरतात. ज्यांनी जन्मात ऐवार केली नाही, दुकानातून बरणी आणली, त्यांना नाही कळणार. पण तुझी आई, राद्मिला. तुझ्या आईच्या अंगणात आपण दोघींनी ढवळलीय. त्या सभागृहात तुला माहीत होतं ना, की ही खाली गेलेली रेघ म्हणजे मिरच्या आहेत म्हणून? मग का नाही बोललीस?

…साहेब हसले असते. बरं. म्हणून त्यांना माझ्यावर हसू दिलंस.

एक मिनिट. एक विचारायचं राहिलंच. माझा आवाज तिथे आला कुठून?

…तुझा फोन? कुठे होता?… टेबलावर. मिरच्यांच्या परातीशेजारी. मला वाटलं तू वेळ बघायला ठेवलायस.

आणि रेकॉर्डिंग चालू होतं. किती वेळ?… राद्मिला, मी विचारतेय, किती वेळ?… दोन्ही दिवस.

थांब, हातातलं पान खाली ठेवू दे.

म्हणजे दुन्याच्या नवऱ्याबद्दल मी जे बोलले… तेही… ते पुसलंस. उपकार झाले.

नाही, आता मला वेगळंच काहीतरी आठवतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तूच मला प्रश्न विचारत बसली होतीस. पोटॅशियम वाढलं तर आधी काय करायचं, नळीची जागा लाल दिसली तर कुणाला कळवायचं, रक्तदाब एकदम पडला तर. मी ढवळतेय आणि सांगतेय, ढवळतेय आणि सांगतेय. सासूबाईसुद्धा मधे मधे उत्तरं देत होत्या, ऐकून ऐकून पाठ झालेली. तू म्हणालीस, अगं तू तर सगळं पुस्तक गिळून बसलीयस. म्हणालीस ना?… ते आहे त्यात?

आहे.

मग झालं तर. अगं मग काय प्रश्न आहे? सोमवारी ये आणि तेवढं ऐकव. दुसरं काही बोलूही नकोस. ते आपल्या कानांनी ऐकतील ना, ही बाई काय जाणते ते.

…रेकॉर्डिंग कंपनीचं म्हणजे? माझा आवाज, माझं स्वयंपाकघर, माझं पातेलं, आणि ते कंपनीचं कसं?

…बरं, मग सभागृहात तरी ते का नाही लावलंस? टिचकीचं लावलंस, हे का नाही?

…‘मोजणीत बसत नव्हतं.’ पुन्हा सांग, मला नीट कळू दे… हं. कोपर मोजता येतं, डोकं मोजता येत नाही. म्हणून डोकं कापलंस आणि कोपर दाखवलंस.

हो, कळतं मला, तुझी नोकरी आहे. घराचे हप्ते आहेत, तेही कळतं. ते सूत्र आता आणखी दवाखान्यांना विकायचं असेल, त्यात ही ल्युबिन्का मधे आलेली चालत नाही. सगळं कळतं. दोघींपैकी एकीचं जायचंच आहे, आणि कुणाचं ते तू ठरवून मोकळी झालीस. निदान मला विचारायचं होतंस. कुमा म्हणून मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं मी, एवढी मी मूर्ख आहे.

हो, रडतेय. सार्म्याचा कांदा कधीच परतून झालाय, त्यामुळे कांद्यावरही ढकलता येत नाही.

नको, सॉरी नको म्हणूस. नको म्हटलं ना. सोमवारी मी एकटी जाईन. म्हणेन, विचारा काय विचारायचं ते, कुठल्याही धड्यातलं. अग्निसुरक्षेचं सोडून. फक्त समोर पातेलं नसेल, म्हणून जरा चाचरेन.

काय?… उद्याचं काय?

…येऊ का, असं विचारतेस?

राद्मिला, स्लावेला कुणी कुणाला बोलावतं का? इतक्या वर्षांत मी तुला कधी बोलावलंय? दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. तू तर पाहुण्यांच्या आधी यायचीस, ॲप्रन घालून. पूजेचा पाव धरून फिरवताना एक हात मिओद्रागचा आणि एक तुझा. उद्याही दार उघडंच असेल. आलीस तर प्रसादाच्या गोड गव्हाची वाटी पुढे करीन, सार्मा वाढीन, तुझी खुर्चीही तिथेच असेल. मित्रोवदानला माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही.

पण तू विचारलंस. आज पहिल्यांदा विचारलंस, येऊ का म्हणून. शेजारीण विचारते, टपालवाला विचारतो. कुमा विचारत नसते गं.

आणि आलीस तर फोन कोटात राहू दे, आणि कोट बाहेर खुंटीला.

…हो, सांगते सासूबाईंना. गुडघा बरा आहे म्हणून सांगते.

राद्मिला, ठेवायच्या आधी एक. आत्ताचं हे आपलं बोलणं… हेही चालू आहे का?

…

राद्मिला?

…

अर्धं मिनिट झालं गं. तुझ्या सूत्राने गैरहजर. ठेवते मी.