श्रीमती हूकेमा यांच्या प्रयाणाच्या नोंदीबाबत

नाही साहेब, 'बेपत्ता' नका लिहू, बेपत्ताचा नमुना वेगळा असतो, पिवळा. आधी विषय लिहा. विषय — श्रीमती अलैडा हूकेमा, वय चौसष्ट, राहणार हॉलंड, निवृत्त भूगोल शिक्षिका, एकट्याने प्रवास, व्हिएन्ना शहर पाहण्यासाठी चार दिवसांचा मुक्काम, यांच्या प्रयाणाची नोंद रद्द करण्याबाबत. संदर्भ — प्रस्तुत अर्जदाराचंच कालचं प्रयाणाचं पत्रक, याच खिडकीत संध्याकाळी पाच वाजता दिलेलं. अर्जदार — ओट्टोकार वेसेली, वय एकसष्ट, विधुर, नोंदणी शाखेतून निवृत्त. हो, हीच शाखा, वर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची खोली. छत्तीस वर्षं बसलोय तिथे. या शहरात कोण आलं, कोण गेलं, कोण कुठल्या दारामागे झोपतं, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. तुम्ही नवीन दिसता. असू दे, तो पाव खाऊन घ्या सावकाश, त्यातलं मांस गार झालं की चामडं लागतं. मी बोलतो, तुम्ही नुसतं ऐका — म्हणजे सावकाश नको तसं, जरा घाई आहे, पण खा.

तुमच्या यंत्रात काय दिसतं ते मला माहीत आहे. 'आज सकाळी गेल्या.' म्हणून तर तुम्ही माझ्याकडे असं बघताय — बाई गेल्या, कागद सांगतोय गेल्या, मग हा म्हातारा कशाला आलाय सकाळी सकाळी? पाहुणा निघाल्यावर पत्रक द्यायचं हा नियम आहे, निघण्याआधी नाही. मला का माहीत नाही? पण तिची गाडी आज सकाळी सातची, ती म्हणाली होती, वेसेलीसाहेब, तुम्ही उठू नका, मी हळूच निघून जाईन, किल्ली टपालपेटीत टाकेन. मग म्हटलं, एक कागद कशाला उद्यावर ठेवा? माणसं चुकतात साहेब, कागद तेवढा पुरा असावा. हे वाक्य माझ्या निरोपसमारंभात आमच्या साहेबांनी माझ्याबद्दल म्हटलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

तर ती गेलेली नाही. सकाळी आठला चादर काढायला तिच्या खोलीत गेलो — बायको गेल्यापासून ती खोली मी पाहुण्यांना देतो, रीतसर, नोंद करून — तर चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. बॅग खुर्चीवर. तिकीट टेबलावर. चालायचे बूट मात्र नाहीत. आणि फ्रिजमध्ये, माझ्या लोण्याच्या डब्याशेजारी, तिचं इन्सुलिन. दोनदा टोचायची ती, सकाळी आणि संध्याकाळी, घड्याळ लावून, माझ्यासमोर, लाजायची नाही. काल संध्याकाळचं चुकलं. आज सकाळचंही चुकलं. हे तुम्ही वेगळ्या परिच्छेदात घ्या, महत्त्वाचं आहे.

भांडण? छे हो! उलट — म्हणजे बघा, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी कार्यक्रम टंकलिखित करून देतो. दिवसवार, वेळेसकट. अनुक्रमांक एक, राजवाडा. अनुक्रमांक दोन, कॅथेड्रल, मनोरा, पायऱ्या तीनशे त्रेचाळीस, गुडघे दुखत असल्यास वगळावे. लोक घेतात, घडी घालतात आणि भलतीकडेच फिरतात. या बाईनं प्रत्येक क्रमांकापुढे बरोबरची खूण केली! चार दिवसांचं काम अडीच दिवसांत निकालात. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून अहवाल द्यायची. म्हणाली, तुमच्या सम्राटांचं हृदय एका चर्चमध्ये, आतडी दुसऱ्या चर्चच्या तळाशी, आणि उरलेलं धड तिसरीकडे, कमाल आहे, मेल्यावरही फाइल तीन खात्यांत फिरते की तुमच्याकडे! साहेब, मी हसलो. हेर्मिने, माझी बायको, गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात कोणी हसलेलं नव्हतं, मी तर नाहीच.

मग परवा रात्री जेवताना ती म्हणाली, वरचं सगळं पाहून झालं, वरचं सगळं केकवर लोणी थापल्यासारखं आहे, खाली काय आहे तुमच्या शहराच्या? तिच्या गावात तळघर म्हणून नसतंच, फावडं मारलं की पाणी लागतं. त्यामुळे तळघर म्हटलं की या बाईचे डोळे लकाकतात, लहान मुलाला जत्रा म्हटल्यावर व्हावेत तसे. आणि मी — मला काय गरज होती? — मी म्हटलं, आमच्या इमारतीखाली तीन मजली तळघर आहे. पहिल्या मजल्यावर कोळसा आणि बटाटे, दुसरा जुन्या विटांच्या कमानींचा, तिसऱ्याचं कोणालाच नीट माहीत नाही. दुसऱ्यावर भिंतीला भगदाडं आहेत, युद्धात पाडलेली, एका घराखालून दुसऱ्या घराखाली निघता यावं म्हणून, त्यातली अर्धी कोणी बुजवलीच नाहीत. मी तिथे खेळायचो लहानपणी, असंही म्हटलं. खेळायचो! उद्या दुपारी घेऊन जातो, म्हटलं. अनुक्रमांक अकरा. टंकलेखन यंत्रावर कागद पुन्हा चढवून तेवढी ओळ टाकून दिली मी.

आणि काल दुपारी दोन वाजता म्हटलं, गुडघा दुखतोय.

नाही, गुडघा ठणठणीत आहे.

ती म्हणाली, काही हरकत नाही वेसेलीसाहेब, मी बावीस देश एकटीनं पाहिलेत, एक तळघर पाहीन. एवढीशी विजेरी दाखवली, पेनाएवढी. किल्ली घेतली आणि गेली. आता तुम्ही विचाराल, मग मी का नाही गेलो बरोबर. तुम्ही नाही विचारलंत, पण विचाराल. मी त्या दाराच्या आत त्रेपन्न वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. बटाटे हेर्मिने आणायची. ती गेल्यावर झ्वेटलरबाई आणतात — आमच्या इमारतीची जुनी राखणदारीण, अजून सगळ्यांच्या पायपुसण्यांवर त्यांची नजर असते — त्यांना वाटतं, माझा गुडघा. सगळ्यांना वाटतं, माझा गुडघा. कचेरीच्या दफ्तरातही गुडघाच नोंदलेला आहे, जुनी कागदपत्रं खाली तळघरात ठेवायची होती तेव्हा मी वैद्यकीय दाखला जोडला होता.

युद्धातला मार्च महिना होता. आठ वर्षांचा होतो. आम्ही बाराजण खाली होतो, दुसऱ्या मजल्यावर, आई मला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेली. वर बॉम्ब पडले ते शेजारच्या घरावर. भगदाडाच्या तोंडाशी सगळा ढिगारा आला. मग पलीकडून ठोकायला लागले. तीन ठोके, थांबा, तीन ठोके. माझ्या पाठीलाच लागायचे ते, साहेब, भिंतीतून. मी एक दगड उचलून उलट ठोकायला लागलो तर आईनं हात धरला. म्हणाली, दमशील, हवा संपते. आईचं चूक होतं असं मी म्हणत नाही. आम्हाला तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूनं काढलं. पलीकडचं ठोकणं दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं होतं. नंतर कोणी त्याचा उल्लेखही केला नाही, आणि मीही केला नाही. आज तुमच्याजवळ करतोय, हे अर्जात घेऊ नका.

थांबा, येतोय, त्यावरच येतोय. काल चार वाजता मी कचरा टाकायला अंगणात उतरलो. बघतो तर तळघराचं दार अर्धवट उघडं, किल्ली कुलपात लोंबकळतेय आणि आत दिवा जळतोय. आमच्या जिन्यात पाटी आहे — तळघराचे दार बंद ठेवावे, दिवा मालवावा, हुकमावरून. ती पाटी गेली चाळीस वर्षं भाडेकरू वाचत नाहीत आणि चाळीस वर्षं त्यांच्या मागून दार लावणारा मी. मनात म्हटलं, झाला पुन्हा निष्काळजीपणा! दिव्याचं बटण बाहेरच्या अंगाला आहे, दाराच्या उजवीकडे. दिवा मालवला. दार लोटलं. किल्ली फिरवली, दोनदा. खिशात घातली. आत डोकावायला हवं होतं, हाक मारायला हवी होती, कोणीही मारली असती. मी त्या दाराकडे बघतसुद्धा नाही साहेब, दार लावतो तेव्हा मी अंगणातल्या झाडाकडे बघतो. हात आपोआप करतात. वर आलो, किल्ली खुंटीवर अडकवली. स्वयंपाकघरात चार खुंट्या आहेत, चार किल्ल्या. चारही जागेवर. मला बरं वाटलं. त्याच बऱ्या वाटण्यात पत्रक भरलं, कोट चढवला आणि पाचला इथे येऊन देऊन गेलो. तुमच्या जागी कालच्या पाळीच्या बाई होत्या. म्हणाल्या, किती व्यवस्थित हो तुम्ही.

का थांबलात खायचं?

रात्री नाही आली तर वाटलं, ऑपेराला गेली असेल, शेवटचा दिवस, एकटी बाई, उभं राहून पाहायचं स्वस्त तिकीट काढून. कार्यक्रमपत्रिकेत होतं तसं, अनुक्रमांक नऊ, वैकल्पिक, तेवढंच राहिलं होतं. आता विचाराल, मग काहीच जाणवलं नाही का? नाही. म्हणजे — काय सांगायचं — सहा वाजता मी सूप गरम करत होतो. ओट्याखालून एक पाइप जातो, इमारतीच्या पार खालपर्यंत. त्यातून आलं. तीन ठोके. थांबा. तीन ठोके.

साहेब, मला ते दर मार्चमध्ये ऐकू येतं! डॉक्टरांनी थेंब दिलेत त्यावर. त्रेपन्न वर्षं येतंय, भिंतीतून येतं, गाडीत बसलो तर बाकातून येतं, एकदा साहेबांच्या टेबलातून आलं होतं. मग मी काय करतो, तर रेडिओ मोठा लावतो. कालही लावला. वॉल्ट्झ चालू होते. वरचे लोक खाली येऊन ओरडून गेले, वेसेली, बहिरे झालात का? थेंब घेतले, ठरलेल्यापेक्षा जास्त घेतले आणि झोपलो. मला कसं कळावं की काल ते खरं होतं? तुम्ही सांगा. पण कळायला हवं होतं. दरवेळी माझ्या पाठीला लागतं, काल पायाला लागत होतं, फरशीतून. तो फरक मला तेव्हाच जाणवला होता. जाणवला म्हणून तर आवाज आणखी वाढवला.

सकाळी बिछाना पाहिला, मग खुंट्या पाहिल्या. चारही किल्ल्या जागेवर. तिच्याकडे दिलेली तळघराची किल्ली माझ्या खुंटीवर कशी? ती काढून अंगणात गेलो. दाराशी उभा राहिलो. हाक मारली — खिडकीवर कोणी आहे का, असं विचारतात ना कचेरीत, तेवढ्या आवाजात. नंतर मोठ्यानं मारली. नंतर कान लावला दाराला. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा कान लावला.

काही नाही. ठोकणंही नाही.

किल्ली कुलपात घातली आणि ती फिरेना. कुलूप गंजलेलं नाही हो, माझा हातच फिरेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं असेन तसाच. झ्वेटलरबाईंना हाक मारायची तर त्या विचारणार, दार कोणी लावलं? अग्निशमनवाले रस्त्यातच होते, त्यांच्या दारावरून आलो मी इथे येताना. तिथे अर्ज लागत नाही ना. तिथे नुसतं बोलायचं, ओरडायचं. मला वाटलं, आधी नोंद रद्द झाली पाहिजे. ती कागदावर गेलेली असेल तर तिला शोधायला कोण जाईल? गेलेल्या माणसाला कोणी शोधत नाही, मीच छत्तीस वर्षं तसं उत्तर देत आलोय लोकांना, याच इमारतीत. म्हणून म्हटलं, क्रमानं जावं. आधी विषय, मग संदर्भ —

किल्ली? आहे. माझ्याजवळ आहे, कोटाच्या आतल्या खिशात. ओढू नका, देतो, देतो. घर तेरा नंबर, अर्जात आहे. अंगणातून आत, जिन्याखाली, डाव्या हाताला लोखंडी दार. पहिल्या मजल्यावर शोधू नका, ती तिथे थांबणारी बाई नाही, सरळ दुसऱ्यावर जा, भगदाडातून पलीकडे — आणि आधी दिवा लावा साहेब, बटण बाहेर आहे, खांद्याच्या उंचीवर, आधी दिवा! फ्रिजमधलं औषध कोणीतरी घ्या बरोबर, लोण्याच्या शेजारी. मी? नाही, मी नाही येत. मी इथेच बसतो. मला ओढून काय होणार आहे, मी दारापर्यंतच येईन. तुम्ही जा. पळा. माझ्याशी बोलत काय उभे राहिलात, पळा म्हणतो ना!

गेले. खिडकीमागचे चौघं गेले.

साहेब?

पाव अर्धा राहिलाय. विषयाची ओळ झाली आहे. संदर्भ झाला आहे. अर्जदाराची सही झाली आहे, तारीख टाकली आहे, वेळ सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. आवक क्रमांक पडलेला नाही, शिक्का झालेला नाही. श्रीमती हूकेमा कागदोपत्री आज सकाळी शहरातून गेलेल्या आहेत. अर्ज प्रलंबित आहे.