डाव्या हाताची जागा

मी मूळची चुडाव्याची. स्टेशनाच्या मागं आमचं घर, वडील मास्तर, अन् घरात आमी सगळ्या पोरीच, म्हणून वडील म्हणायचे, सालोमी, तू टायपिंग शिक, नांगर काय तुला धरता येणार न्हाई. हसू नका ताई, खरंच आसं म्हणायचे. मंग मी गाडीनं पूर्णेला क्लासला जायची, डब्यातल्या बाया विचारायच्या काय शिकायलीस ग, मी म्हणायची टायपिंग, त्या म्हणायच्या त्यानं पोट भरतं का. भरलं की. जन्मभर भरलं.

लग्न होऊन पूर्णेलाच आले. आमचे हे रेल्वेत होते, बोलायला कमी, पण चर्चमध्ये गायला लागले की बाहेर रस्त्यावरचे लोक थांबायचे. मला एका शिक्षणसंस्थेत नोकरी लागली, चेअरमन साहेबांची सेक्रेटरी. आता सेक्रेटरी म्हणलं की लोकांना भलतंच काहीतरी वाटतं, काय सांगू तुमाला, आमच्याकडं सेक्रेटरी म्हणजे टायपिंग मीच, फोन मीच, साहेब तापले तर चहा सांगणारी मीच, अन् कोणाला आत सोडायचं, कोणाला बाहेर बसवायचं तेबी मीच. चेअरमन बदलत गेले, मी तिथंच. अन् रविवारी चर्चमध्येबी तेच, मंडळीची सेक्रेटरी, सूचना वाचायच्या, कोण आजारी त्याच्या घरी प्रार्थना ठरवायची, कोण वारलं तर कबरस्तानात जागा दाखवायची. हे शेवटचं काम कोणालाच नको असतं, म्हणून लय वर्षं माझ्याकडंच राहिलं. मंग गुडघे चालेनात, तवा सोडलं.

आता कबरस्तानाचंच सांगते, सगळं घोडं तिथंच अडलंय. आमच्या मंडळीत अशी रीत हाय ताई, नवरा गेला की त्याच्या डाव्या हाताला बायकोची जागा सोडायची. लग्नात डावीकडं उभी राहिली, मंग तिथंच निजायचं. जागेवर एक धोंडा ठेवायचा. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे कबरी साफ करायला जातात, चुना मारतात, तवा त्या धोंड्यालाबी चुना मारायचा, पांढरा धोंडा दिसला की तिथं कोणी कुदळ लावत न्हाई. हे गेले तवा मी धोंडा ठेवला, लिंबाखालची जागा, उंचावरची. लोकांना स्वतःच्या जागेची भीती वाटते, मला कधीच वाटली न्हाई, उलट बरं वाटायचं, घरी आल्यासारखं. चुना मारून झाला की तिथंच बसून मी अन् मार्था डबा खायचो.

मार्था म्हणजे माझी बहीणच समजा, सख्खी नसली तरी. एका बाकावर बसणार, गीताचं पुस्तक एकच, तिला बारीक अक्षर दिसत न्हाई म्हणून मी धरायची अन् तिला ओळ सांगायची. माझं बाळंतपण तिनं काढलं, तिच्या सासूचं दुखणं मी काढलं. तिचा नवरा यशवंत लय गरीब माणूस, कोणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. अन् त्या धोंड्याला मी चुना मारायची तवा बादली कोण धरायचं? मार्थाच.

मागं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. प्रकाश, माझा एकुलता मुलगा, मला पुण्याला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, डोळ्यात औषध टाकायचं होतं, राहा म्हणाला, राहिले. मी तिकडं असतानाच यशवंत वारला. मार्थाचा फोन आला, लय रडली, मीबी रडले. ये म्हणाली न्हाई, डोळ्याला जप म्हणाली. मला वाटलं, बघा, एवढ्या दुःखात हिला माझीच काळजी.

ईस्टरच्या तोंडावर मी परत आले. शनिवारी चुन्याची बादली घेऊन एकटीच रिक्षानं कबरस्तानात गेले. बघते तर आमच्या ह्यांच्या डाव्या हाताला मातीचा नवा ढीग, वर क्रूस, क्रुसावर यशवंतचं नाव. माझा धोंडा भिंतीपाशी टाकून दिलेला. अन् यशवंतच्या डाव्या हाताला नवा धोंडा, पांढराशुभ्र. मार्थाचा! माझी घालवली अन् स्वतःची धरली ना ताई तिनं.

तशीच तिच्या दारात गेले. म्हणलं, मार्था, माझी जागा होती ती. म्हणायली, बाकी सगळी काळी माती, पाणी साचतं तिथं, मी ह्यांना चिखलात कसं ठेवू, तूच सांग. म्हणलं, मंग मला चिखलात ठेवलं तर चालतं का? अन् मला विचारायचं तरी होतं. तर म्हणायली, विचारलं ना. कोणाला विचारलं? प्रकाशला. त्याला फोन लावला, तो म्हणाला घ्या मावशी, मम्मीला आता आमी तिकडं ठेवणारच न्हाई, घरबी विकायचं हाय, तिचं जे काय व्हायचं ते इथं पुण्यातच होईल.

मार्थाचा राग एकीकडंच राहिला ताई. मी धोंडा ठेवला तवा तो उचलून कोणी दिला होता? प्रकाशनंच. बापाला माती देऊन, रडत रडत, त्याच हातानं. मी फोन केला त्याला. म्हणाला, मम्मी, तू ठणठणीत आहेस, आत्तापासून जागेचं काय घेऊन बसलीस, अन् इथलं कबरस्तान बघ तर खरं, गाडी थेट आतपर्यंत जाते. गाडी जाते म्हणतो!

मंडळीच्या लोकांना वाटलं, मार्थाच म्हणती तर सालोमीबाईला विचारलंच असंल. चर्चचे पाळकसाहेब बिचारे म्हणाले, काही हलवाहलव करायची का. मी म्हणलं न्हाई, मातीत गेलेलं माणूस उकरायचं नसतं, यशवंतनं माझं काय वाईट केलंय. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या उपासनेला मार्था शेजारी येऊन बसली, पुस्तक माझ्यापुढं केलं. मी धरलं न्हाई. अन् प्रभुभोजनाची भाकर अन् द्राक्षारस घ्यायलाबी उठले न्हाई, मनात एवढं कडू ठेवून त्या मेजाजवळ जायचं नसतं. तवापासून सगळे पुढं जातात, मी बाकावरच बसून राहते. मार्था जाते. तिच्या घशाखाली कसं उतरतं ते तिलाच ठाऊक.

आता नातीचं लग्न ठरलंय. प्रकाश सारखा फोन करायलाय, मम्मी, गाडी पाठवतो, कधी येतीस. मी म्हणते येते रे, येते. नातीवर लय जीव हाय माझा, तिचं सगळं चांगलं होऊ दे, प्रकाशलाबी देव सुखात ठेवो, मी शिव्याशाप देणारी बाई न्हाई. पण जाणार न्हाई मी. परभणीला दवाखान्यात गेले तरी दिवस मावळायच्या आत घरी येते. भिंतीपाशी का होईना, चिखलात का होईना, इथं मेले तर इथं ठेवतील. तिकडं डोळा मिटला तर प्रकाश मला आणणार न्हाई ताई. माझंच लेकरू हाय, मला कळतं ते.