वैशालीची लायब्ररी आज उघडली

आधी मला ह्ये सांगा, माझ्या नातीची लायब्ररी कुणी बंद केली हुती? मघापासनं चार जण बोलून गेलं. गुणी पोरगी, हुशार पोरगी, गावाचं नाव काढणार हुती. पण ह्यो सवाल एकाच्याबी तोंडातनं निघाला न्हाई.

आता रामराम. आपल्या राहू गावची माणसं, पावणंरावळं, पुण्यासनं आलेली तिच्या कॉलेजातली मंडळी, समद्यांना रामराम. तिच्या बापाला बोलायला उभं केलं तर त्यानं माईक माझ्याच हातात दिला, म्हणून मी उठले. मी दुसरीतनं शाळा सोडली. मला भाषण येत न्हाई. रडायचं घरी उरकून आले. तवा ऐकून घ्या.

वैशाली पीएचडी करत हुती, ह्ये तुम्हाला ठावं हाय. कशात, ते निम्म्यांना ठावं न्हाई. घोणशीच्या विषात. आपल्याकडं उसात घोणस चावती. माणूस दवाखान्यात इंजेक्शनं घिऊन वाचतंय, घरी येतंय, आन् मग कुणाकुणाच्या किडन्या जात्यात. ते आधी कसं वळखायचं, ह्ये ती हुडकत हुती. आमच्या वस्तीवर ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई तशीच गेली, तवापासनं पोरीच्या डोक्यात ते बसलं.

मी तिला इचारायची, "अगं, इतकी वर्षं वाचतीयास, अजून काय वाचायचं राह्यलंय?"

ती म्हणायची, "आजे, मी जे लिवणार, ते जगात कुणी आधी केलंय का ते बघावं लागतं. न बघता लिवलं तर एक तर चोरी, न्हाई तर खुळेपणा."

"मग बघ की, बाई."

"त्यालाच लायब्ररी लागती."

लायब्ररी म्हंजी पुस्तकांची कपाटं, असं मलाबी वाटायचं. तसं न्हवं. समदं कंप्युटरवर. पैसं कॉलेज भरतं, पोरींना पासवर्ड देतं, मग घरी बसून वाचता येतं. त्या खांबापाशी बसल्यात त्या लायब्ररीच्या मॅडम. हुडकायचं कसं, खरं कशाला धरायचं, ह्ये त्यांनी पोरींना शिकवलं. एखादा लेख त्यांच्याकडं नसला, तर दुसऱ्या लायब्ररीतनं मागवून द्यायच्या. मॅडम, तुम्ही रडू नका. तुमचं काय चुकलेलं न्हाई.

होस्टेलची मुदत सरली आन् वैशाली घरी आली. धान्याच्या कोठीवर लॅपटॉप मांडून बसायची. तिचा काका, बाळू, म्हणायचा, "वैशे, कोठीवर बसून डॉक्टर हुतीस व्हय?"

ही म्हणायची, "व्हय काका, पयला पेशंट म्हणून तुझं नाव घातलंय. डोक्याचा."

असं चाललं हुतं. मग एक दिवस पासवर्ड चालंना. तिची पीएचडीची मुदत संपली हुती. वाढवून घ्यायला तिच्या पीएचडीच्या सरांची सही लागती. सही न्हाई तर मुदत न्हाई, मुदत न्हाई तर घरी लायब्ररी न्हाई. पुण्यात जाऊन तिथल्या कंप्युटरवर तेवढं वाचता यायचं.

आन् सरांनी सही केली न्हाई. सर म्हणलं, पोरं घरी बसली की ढिली पडत्यात. रोज हितं माझ्यासमोर येऊन बस, शेवटचा धडा लिहून दाव, मग सही. ह्ये मला वैशालीनंच सांगितलं. राग न्हवता तिच्या बोलण्यात. म्हणली, "सर वाईट न्हाईत आजे. मी अर्ध्यात सोडून दिईन, ह्याची त्यांना भीती वाटती."

मग रोज राहूपासनं खुटबावच्या टेसनापातुर स्कुटी, तिथनं पुण्याला रेल्वे. दिवसभर तिथं वाचायचं, अंधार पडता घरी यायचं. कारखान्याचा सीझन. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी, मागं दिवा न्हाई. फुडचं तुम्हाला ठावं हाय. ट्रॅक्टरवाल्याचं पोलीस बघतील. त्या टायमाला पोरगी त्या रस्त्यावर कशापायी हुती, ते मी इचारतीया.

मी भूतबित मानीत न्हाई. पण रस्त्यानं स्कुटी वाजली की मी चहाचं आधण ठेवते. पाणी उकळाया लागलं की मग ध्यानात येतं. रोज ठेवते. हात ऐकतच न्हाईत.

आज घाटावर कावळा शिवंना. तुम्ही बघितलंच. बाळू म्हणला, वैशे, तुझ्या भावाला मी शिकवतो. न्हाई शिवला. सरपंच म्हणलं, तुझ्या नावानं कमान बांधतो. कावळा झाडावरनं उठून पार पलीकडच्या काठाला गेला. हसू नका, खरं ते सांगतीया. मग सर फुडं आलं. हात जोडलं. म्हणलं, वैशाली, तुझं काम मी पुरं करून घेतो, तुझ्याच नावानं छापतो. तरी न्हाई.

आन् तवाच तिच्या फोनवर मेसेज वाजला. फोन माझ्या पिशवीत, तिच्या बापाला तो डोळ्यांफुडं नको असतो म्हणून. मला वाचता येत न्हाई. शेजारी रेश्मा हुती. कवठे येमाईची पोरगी, वैशालीची होस्टेलातली जोडीदारीण, ह्याच सरांकडं शिकती. म्हणलं, वाच गं. तिनं वाचलं. "प्रिय वैशाली, तुमची मुदतवाढ मंजूर झाली आहे. आता लायब्ररी घरबसल्या वापरता येईल. शुभेच्छा."

फुडं पिंड मांडलेला. आन् शुभेच्छा.

मी तिथंच सरांना इचारलं, "सही कवा केली?"

सर म्हणलं, "परवा. तिचा कागद टेबलावर तसाच पडलेला बघवेना, आजी."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. रीत झाली, माणसं उठली. मी रेश्माला इचारलं, "तुझ्या मुदतवाढीवर सही झाली का गं?" तिनं मान हालवली. न्हाई. तिलाबी म्हणं रोज येऊन बसायचं हाय. पहाटं कवठ्यापासनं एसटीनं शिरूर, शिरूरपासनं पुणं, आन् राच्याला उलटं. तिची आई तिकडं आधण ठेवीत असंल. अजून पोरगी येती तिची.

सर, तुम्ही माझ्या दारात आलात, दहा जणांत हात जोडलंत, त्याचा मान हाय. तुम्हाला झोप लागत न्हाई, ते तुमच्या तोंडावर दिसतंय. पण मेलेल्या पोरीला दिलेला शब्द सोपा असतो. ती परत इचाराया येत न्हाई.

आता दोन मिनिटं उभं राहून गप बसायची रीत हाय. बसू की. पण आधी न्हाई. सरपंच, तुम्ही खाली बसा. मॅडम, तुम्ही बोलायचं न्हाई. बाळू, माईक तिकडं दे. सरांनी उठायचं, आन् रेश्माची सही कवा करणार ते सांगायचं. माझ्याकडं बघू नका, सर. तिच्याकडं बघून सांगा.