फ्रेंच किल्ल्यावर लाल पेन

लाल पेन हातात असलं की मला चूक दिसायलाच लागते. मैत्रीण सायलीच्या कारखान्यात रोज ड्रॉइंग तपासतो ना! मशीन बसवायला आलेल्या फ्रेंच इंजिनियरने चहाच्या वेळी त्याच्या गावच्या, तोफांसाठी बांधलेल्या, दीडशे वर्षं जुन्या किल्ल्याचा नकाशा दाखवला. आजोबांनी जपलेला. मी त्यावर लाल गोल मारून मोकळा!

"पुढची भिंत जाड, मागची पातळ? चुकलंय."

तो इंजिनियर हसला. "शत्रूने किल्ला घेतलाच, तर मागे, आमच्या मुलखात असलेल्या आमच्याच तोफांना तो फोडता यावा, म्हणून."

स्टोअरचे महेशभाई म्हणाले, "म्हणजे बांधतानाच हरायचं ठरवलेलं?"

"नाही, परत घ्यायचं ठरवलेलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आता 'तपासलं, बरोबर' लिहा आणि सही करा."

दीडशे वर्षांनी तो किल्ला मी पास केला!