सात चांद्या

कळंबहून ईटला निघालेल्या एसटीत भैरवी खिडकीशी बसून पुढचं बोलणं ऐकत होती. पुढच्या बाकावर शेळीपालन गटाच्या शिवकन्याबाई आणि त्यांची भाची वैष्णवी एका मोबाइलवर वाकल्या होत्या. गटाच्या शेळ्या टेम्पोनं बाजारात पुढं गेल्या होत्या.

"मावशी, उघडलं बघा. सगळा डेटाबेस आता ब्राउझरमधी दिसतोय. नावावर बोट ठेवलं की शेळीची वंशावळ."

"आजवर तुला एकटीलाच दिसायचं. आता गिऱ्हाइकाला बी दिसंल?"

"कुणालाबी."

"मग माझी चांदी दाव. वंशावळ दिसली तर पाळायला नेतील तिला, न्हाय तर खाटीक हायेच."

"ही घ्या. चांदी, आई मोरी, मालकीण दगडाबाई."

"ती दगडाबाईची गं. माझी कुठं?"

"इथं एकच चांदी हाय."

"गटात सात हायेत."

"सात? मावशी, एका नावाखाली एकच नोंद ऱ्हाते. दुसरी चांदी घातली की पहिली पुसली जाते. माझ्या हातनं सहा पुसल्या गेल्या की!"

"मग रडतीस कशाला? माझ्या डोक्यातनं न्हाय पुसली. आधी मालकिणीचं नाव लाव आन् लिही. शिवकन्याची चांदी. चांदीची आई हरणी, हरणीची तुळसा, तुळसाची चंद्रा. चंद्रा तामलवाडीहून माझ्यासंगं आंदण आली."

"आली मावशी, येगळी ओळ आली."

"दिसली गं माय. आता पारूची चांदी घे."

पाच झाल्या तेव्हा गाडी थांबली. कंडक्टर बाकाजवळ आला.

"ईट आलं. उतरा, बाई."

"दम धरा की भाऊ. अजून दोन चांद्या राहिल्यात."

कंडक्टर बाकाखाली वाकून बघू लागला.