गल्लीचे फॉर्म मी भरले

मी मूळची इचलकरंजीची. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला माहीत असेल नसेल, पण आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि लहानपणी मला वाटायचं की खरं मँचेस्टर म्हणजे कुठलीतरी मोठी, दिव्यांनी झगमगलेली इचलकरंजीच असणार. वडील, आप्पा म्हणायचो आम्ही, ते यंत्रमागावर होते, दुसऱ्याच्या मागावर, स्वतःचा कधी झाला नाही. घरात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि मी बी.ए. झाले. अर्थशास्त्र घेऊन, सेकंड क्लास. ते सर्टिफिकेट बघा, टीव्हीच्या वर लावलंय, फ्रेम इथंच करून घेतली. देव स्वयंपाकघरात आहेत, बाहेरच्या खोलीत हे. येणाऱ्याला आधी हे दिसलं पाहिजे.

आप्पांची एक गोष्ट सांगते. माझी आजी वारली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिचं नाव रेशनकार्डावर तसंच राहिलं. मी म्हटलं, आप्पा, हे चूक आहे, नाव कमी करायला पाहिजे, मी अर्ज लिहून देते. तर म्हणाले, गप बस शालू, म्हातारी मेली म्हनून तिची साखर बी मारायची व्हय? ती साखर आम्ही पुढं कितीतरी वर्षं खाल्ली. दुकानदार विचारायचा, म्हातारी बरी हाय का? आणि आप्पा म्हणायचे, हाय की, गोडधोड खाऊन मजेत हाय. सगळे हसायचे, मला लाज वाटायची, आणि भीतीही वाटायची, कारण गल्लीत इन्स्पेक्टर यायचा आणि तो आला की रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, मतदार यादी, सगळं शेजारी शेजारी ठेवून बघायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सरकारचा कागद कुठल्याही खिडकीत द्या, शेवटी सगळे कागद एकाच टेबलावर जातात. हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं, पण पुस्तकातल्यापेक्षा हेच जास्त लक्षात राहिलं.

लग्न होऊन मी इथं आले, इंग्लंडात, लँकेशायरमध्ये, ह्या गावात. हे मिलमध्ये फिटर होते. पहिल्या दिवशी मला मिलच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाले, ऐक. डोळे मिटले की इचलकरंजीच, बघा, तोच खडखडाट, फक्त अंगावर कोट. पण मी आले ती शेवटाला आले. दहा-बारा वर्षांत एकेक मिल बंद झाली. यांची झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं माग सोडवले, नटबोल्ट मोजून डब्यात भरले, ते माग जहाजानं बाहेरदेशी गेले. मग हे गाद्यांच्या कारखान्यात लागले, तो कारखाना दुसरीकडे गेला. मिलच्या जागी कार्पेटचं दुकान आलं, ते गेलं, मग नुसत्या फुटक्या काचा. मी मेल ऑर्डरच्या गोदामात पार्सलं भरायची. इंटरव्ह्यूला मी सर्टिफिकेट घेऊन गेले होते, तर सुपरवायझर बाई म्हणाली, व्हेरी नाइस, लव्ह, कॅन यू लिफ्ट? मी म्हटलं, येस. संपला इंटरव्ह्यू.

गावातली शिकलेली पोरं कुणी राहिली नाहीत. आमचाच मुलगा केंब्रिजला गेला तो तिकडचाच झाला. त्याला बोल लावत नाही, इथं त्यानं करायचं काय होतं. दर वर्षी काहीतरी बंद. पोहण्याचा तलाव बंद, लायब्ररी आठवड्यातून तीन दिवस, पोस्ट ऑफिस दुकानाच्या कोपऱ्यात. आणि दर वेळी कारण एकच, गावात माणसं कमी झाली, म्हणून सरकारकडून येणारा पैसा कमी झाला. हे मला कळायचं बरं का. सार्वजनिक खर्च आणि लोकसंख्या हा आम्हाला अख्खा पेपर होता.

आता आमची गल्ली. दोन्ही बाजूंनी एकाला एक चिकटलेली घरं, बहुतेक गुजराती आणि पाकिस्तानी, दोन-चार म्हातारे गोरे, आणि मराठी घर आमचं एकटं. गल्लीत कॉलेजात गेलेली मी एकटी. त्यामुळे कुणाला काही कागद आला की माझ्याकडे. पेन्शनचा, व्हिसाचा, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचा. शेजारच्या कांताबेन मला मॅडमच म्हणायच्या. माझी मुलगी फोनवर म्हणते, आई, तुला फुकटची कामं करायला आवडतात. आवडतात, का आवडू नयेत? गोदामात पार्सलं उचलून आलेली बाई घरी येऊन चष्मा लावते, पेन काढते आणि चार माणसं गप्प बसून तिच्या हाताकडे बघतात, ह्याच्यात काय कमी आहे?

दोन हजार एक साली जनगणना झाली. घरोघर फॉर्म आले. गल्लीतले जवळजवळ सगळे फॉर्म ह्याच टेबलावर भरले गेले, ह्याच, तुमचा कप आहे तिथं. कांताबेन विधवा, एकट्या राहतात म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, सूट. पण मागच्या खोलीत त्यांचे दीर आणि जाऊ, सुशीलाबेन, चार वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले. कांताबेन म्हणाल्या, मॅडम, इनका क्या करना? मी फॉर्मवर वाचलं, ही माहिती गुप्त राहील, कुठल्याही खात्याला दिली जाणार नाही. मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आम्ही दोघीही हसलो. असं कुठं असतं का, सरकारनं लिहिलं म्हणून? मी लिहिलं, एक व्यक्ती. समोरच्या घरात टेकअवेवर, म्हणजे जेवण बांधून देणाऱ्या दुकानात, काम करणारी सहा माणसं, भाडेकरारावर तीन, मी लिहिली तीन. पुढं कुणाचे आईवडील, कुणाची सासू, म्हातारी माणसं जास्त, कारण मुलांनी बोलावून घेतलेली आणि कागद अर्धवट, तीही मी गाळली. आणि माझ्या स्वतःच्या घरात वरच्या खोलीत हॉस्पिटलमधल्या दोन नर्स भाड्यानं राहायच्या, एक सांगलीची, एक केरळची, त्यांचं भाडं मी रोख हातात घ्यायची, कुठं दाखवायची नाही. आमच्या फॉर्मवर दोनच माणसं, हे आणि मी. सगळं काळ्या शाईनं, एक खाडाखोड नाही. हे म्हणाले होते, शालू, त्या पोरी रोज आपल्याकडं जेवतात आणि तू त्यांना लिहीत नाहीस? मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं कळत नाही. असं म्हणाले मी त्यांना.

पुढच्या वर्षी यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे शब्द होते आत, बाहेर पडत नव्हते. घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग डॉक्टरीणबाईंनी डे सेंटरला नाव घातलं. चर्चच्या मागे जुनी संडे स्कूलची इमारत, तिथं म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलचं सेंटर. सकाळी साडेनऊला मिनीबस यायची, डेरेक नावाचा ड्रायव्हर, स्वतः मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. खाली उतरून दारात यायचा आणि ओरडायचा, कम ऑन कॅप्टन, शिप्स लीव्हिंग. तिथं कॅरम होता, गरम जेवण, व्यायाम करून घेणारी बाई, आणि काय सांगू तुम्हाला, चार महिन्यांनी एका दुपारी हे परत आले आणि मला म्हणाले, शालू. एवढंच. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. मग वाढत गेलं, चहा, नको, डेरेक, कॅरम. माझा मराठी माणूस डाव्या हातानं एका पाकिस्तानी, मिरपूरच्या चाचांशी कॅरम खेळायचा आणि हरला की म्हणायचा, चीटिंग. सुशीलाबेन आणि त्यांचे मिस्टर पण जायचे तिथं, गल्लीतले सगळेच म्हातारे जायचे, तिथं कुणी कागद विचारत नव्हतं. खुर्च्या पुरत नव्हत्या.

दोन-अडीच वर्षं असं चाललं आणि मग पत्र आलं की सेंटरबद्दल मीटिंग आहे. चर्चच्या हॉलमध्ये जमलो. कौन्सिलची एक तरुण बाई आली होती, चांगली होती हो, वाईट नव्हती, घसा बसलेला बिचारीचा. तिनं पडद्यावर तक्ते दाखवले. गावाची माणसं कमी झालीत, म्हणून सरकारी अनुदान कमी, आणि तुमच्या वॉर्डात तर वयस्कर माणसं फारच थोडी, एवढ्यासाठी वेगळं सेंटर चालवता येत नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाचं आहे त्यात मिसळावं लागेल. डेरेक ओरडला, मग माझ्या बसमध्ये रोज कोण बसतं, भुतं? सगळे हसले. मी नाही हसले. मी पडद्याकडे बघत होते. तो आकडा मी ओळखला, बघा. आपण शिवलेला कपडा दुसऱ्याच्या अंगावर ओळखावा तसा.

मी उभी राहिले. म्हटलं, दॅट नंबर इज राँग. ती म्हणाली, तुम्हाला कशावरून वाटतं? कांताबेन माझा कार्डिगन ओढत होत्या, बेसी जाव, मॅडम, बेसी जाव. त्यांच्या पलीकडे सुशीलाबेन विणत होत्या, त्यांच्या सुया थांबल्या. आता मी काय सांगायचं होतं? ही बघा, ही बसली आहे, हिला मी लिहिलं नाही, असं? मी म्हटलं, आय जस्ट नो. आणि बसले. बी.ए. इकॉनॉमिक्स, आणि आय जस्ट नो.

दोन दिवसांनी मी एकटी कौन्सिलच्या ऑफिसात गेले. ठरवून गेले की दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त माझ्या घरचं सांगायचं, त्या दोन नर्सचं, दंड झाला तर भरेन, पण तेवढ्यावरून त्यांनी गल्ली परत मोजावी. त्या बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मिसेस पाटील, मी काहीच करू शकत नाही, ते फॉर्म आम्ही कधी बघत नाही, कुणीच बघत नाही, कौन्सिल टॅक्सवाले नाहीत, व्हिसावाले नाहीत, ते बंद करून ठेवतात, शंभर वर्षं. मी म्हटलं, शंभर? म्हणाली, हो, आम्हाला फक्त बेरीज मिळते. आणि पुढं म्हणाली, ज्या भागातून फॉर्म परत येत नाहीत तिथं अंदाजानं माणसं जास्त धरतात, पण तुमच्या भागातून फॉर्म फार छान आले होते, जवळजवळ सगळ्या घरांचे.

छान आले होते. येणारच. मी भरले होते.

म्हणजे बघा, आयुष्यभर ज्या टेबलाला मी भ्यायले, ते टेबल तिथं नव्हतंच. फॉर्मवर लिहिलं होतं ते खरं होतं, अक्षर न् अक्षर, आणि मी ते मोठ्यानं वाचून हसले होते. आप्पांनी मेलेल्या आजीला कागदावर जिवंत ठेवून आम्हाला साखर खाऊ घातली, आणि मी शिकलेली, मी जिवंत माणसं पुसली. तुम्ही म्हणाल, एका गल्लीनं काय होतंय? मुलगाही तेच म्हणतो, आई, सगळ्या गावालाच पैसा कमी येत होता, तुझ्यामुळे बंद झालं नाही. असेल. पण माझ्या गल्लीचा जबाब मलाच द्यायचा आहे ना?

सेंटर बंद झालं. दुसऱ्या टोकाचं होतं तिथं दोन बस बदलून यांना न्यायला मला जमेना, एकदा नेलं, तिथं कुणी ओळखीचं नाही, हे रडले. शेवटच्या दिवशी डेरेक कॅरम बोर्ड घेऊन आला, म्हणाला, कॅप्टन, हा स्टोअरमध्ये सडेल, तू ठेव. सोफ्यामागे आहे तो. मी खेळायचे यांच्याशी, पण माझ्याशी खेळताना हे चीटिंग म्हणायचे नाहीत. रोज साडेनऊला मात्र टोपी घालून खिडकीत बसायचे, मी सांगायची, अहो, बस येत नाही आता, तरी बसायचे. हळूहळू शब्द परत गेले, आले तसेच, उलट्या क्रमानं. कॅरम गेला, डेरेक गेला. शालू शेवटी गेलं.

कांताबेनला मी सांगितलं सगळं, एक दिवस बसवून. वाटलं होतं, ही तरी भांडेल, तिची जाऊ पण सेंटर बंद झाल्यापासून घरात कोंडलेली होती. तर माझा हात धरला आणि म्हणाली, मॅडम, आपने तो हमको बचाया. कशापासून बचाया, हे मला तिला सांगता येईना. आजही कागद घेऊन येते ती. मी भरते.

हे मागच्या हिवाळ्यात गेले. सांगलीची ती नर्स कार्डिफहून आली होती, नवरा आणि मुलीला घेऊन, यांच्या पायावर डोकं ठेवलं तिनं.

आता पुढची जनगणना येईल वर्ष-दोन वर्षांत. मी गल्लीत आत्तापासून सांगून ठेवलंय, मागच्या खोलीतलं, वरच्या खोलीतलं, सोफ्यावर झोपणारं, सगळं लिहायचं, कुणी बघत नाही, मी विचारून आले आहे. काहीजण मान हलवतात आणि मनात हसतात, मला कळतं, मी पण हसले होते. तुम्ही लंडनच्या स्टॅनमोरहून एवढ्या लांब आलात, दोन घास खाऊन जा. घर भरलेलं राहो तुमचं, आणि फॉर्म आला की जेवढे आहात तेवढे सगळे लिहा. माझ्या फॉर्मवर ह्या वेळी एकच व्यक्ती, आणि ह्या वेळी ते खरं असेल. आप्पा असते तर म्हणाले असते, शालू, जावयाचं बी नाव लिही की, कोन बघतंय. पण मला ते कधी जमलं नाही.