डाव्या कॅमेऱ्याचं कुंकू

आमच्या फुलपाड्याच्या गॅरेजवाल्या दिनेशभाऊंची हुशारी ऐका. चाकांचं अलाइनमेंट करायला त्यांनी कॅमेऱ्यांचं नवं मशीन घेतलं आणि दसऱ्याला त्याची साग्रसंगीत पूजा केली. दुसऱ्या दिवशी मी गाडी लावली, तर मशीन म्हणे डावं चाक वाकडं.

"अहो, गाडी सरळ चालते!"

"मशीन खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं," म्हणत भाऊंनी चाक 'सरळ' केलं. निघालो, तर गाडी थेट गटाराकडे ओढायला लागली.

भांडून मशीनवाल्यांचा इंजिनिअर बोलावला. त्यानं कपाळावर हात मारला. "डाव्या कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू, उजवी काच कोरी! भाऊ, दोन्ही कॅमेऱ्यांना सारखंच दिसायला नको?"

भाऊंना पटलं. त्यांनी करंडा उघडला आणि उजव्या काचेलाही टिळा लावला.